येमूलांनी धरून ठेवलेलं पाकीट

"त्यांचं पाकीट त्यांना देऊन टाका," मी तिसऱ्यांदा सांगितलं.

अंबादास येमूल मान हलवत राहिले. ते पलंगाच्या कडेला बसले होते. उजवा हात मांडीवर लुळा पडलेला, त्याला सलाइन लावलेलं. आणि डाव्या मुठीत निळ्या कॅप्सूलचं एक पाकीट, छातीशी घट्ट धरलेलं. पाकीट त्यांचं नव्हतं. शेजारच्या पलंगावर उलट्यांनी अर्धमेली होऊन पडलेल्या इंदुमती खरातचं होतं. तिचा भाऊ भास्कर समोर उभा राहून रागाने थरथरत होता.

"मॅडम, हा माणूस औषध ढापायलाय," तो म्हणाला. "मी नुसता पाणी आणायला गेलो, तेवढ्यात ह्यांनी टेबलावरनं उचललं. तुम्ही काढून घेता का मी घेऊ?"

"तुम्ही हात लावू नका. मी बघते."

"बॉर्डर," येमूल म्हणाले. "बॉर्डर, बॉर्डर."

सोळा वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि सोलापुरातल्या एका ट्रस्टच्या कॅन्सर हॉस्पिटलात डे-केअर वॉर्डची सिस्टर होते. सकाळी यायचं, औषध शिरेतून घ्यायचं आणि संध्याकाळी घरी जायचं, अशा पेशंटांचा तो वॉर्ड. मेंदूच्या गाठीचे पेशंट आमच्याकडे थोडेच होते, पण जे होते ते वर्ष-दीड वर्ष येत राहायचे, आणि त्यांच्या घरच्यांपेक्षा आम्हालाच त्यांच्या तारखा जास्त पाठ असायच्या.

येमूल त्यातले. शहराच्या पूर्व भागातल्या एका कारखान्यात ते चादरीची नक्षी काढायचे. चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन भरत जायचा, एक चौकोन म्हणजे एक धागा. मग त्या कागदावरून पुठ्ठ्याला भोकं पाडतात आणि माग त्याप्रमाणे विणतो. सत्तावीस वर्षं त्यांनी तेच केलं. मग डोक्याच्या डाव्या बाजूला गाठ निघाली. ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले, गोळ्या झाल्या. चौदा महिने बरे गेले आणि गाठ परत आली. या वेळी परत ऑपरेशन करण्याजोगी जागा नव्हती. आमच्या डॉक्टर वसुधा किणीकरांनी त्यांना निळ्या कॅप्सूल सुरू केल्या. ते औषध तेव्हा मुश्किलीने मिळायचं. तीन डोस झाले, आणि स्कॅनच्या पुढच्या फोटोत गाठ वाढलेली दिसली. औषध बंद केलं. आता शिरेतून दुसरं औषध चालू होतं.

त्यांची बायको शकुंतला विड्या वळायची. निळं औषध बंद केलं त्या दिवशी ती डॉक्टरांच्या दारात तासभर बसून होती. "अजून एक डाव द्या की मॅडम," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. हे सगळ्या वॉर्डाला माहीत होतं. त्यामुळे येमूलांच्या मुठीत तेच निळं पाकीट दिसल्यावर भास्करला जे वाटलं, तेच मलाही वाटलं. माणूस आहे, जगायची इच्छा आहे, मिळालं ते धरलं. मला त्यांचा राग आला नाही. वाईट वाटलं. पण पाकीट काढून घ्यायलाच हवं होतं.

गाठीने त्यांची वाचा खाल्ली होती. घरी तेलुगू आणि बाहेर मराठी, दोन्ही भाषा गेल्या. ऐकलेलं सगळं समजायचं, पण बोलायला तोंड उघडलं की एकच शब्द बाहेर यायचा, चादरीच्या काठाचा, "बॉर्डर." पाणी हवं असलं तरी बॉर्डर, सुई दुखली तरी बॉर्डर. स्वरावरून ओळखायचं. त्या दिवशीचा स्वर मी आधी कधी ऐकला नव्हता.

"येमूलकाका, ऐका माझं," मी त्यांच्यासमोर वाकून म्हणाले. "हे औषध तुम्हाला आता चालत नाही. ते त्या ताईंचं आहे. त्यांना लागणार आहे."

त्यांनी इतक्या जोराने मान हलवली की सलाइनची नळी ताणली गेली. मी ती सावरायला गेले, तसे ते मागे सरकले. नळी निसटली, चादरीवर रक्ताचे थेंब पडले. पलीकडची एक म्हातारी पलंगावरून उतरून दाराशी जाऊन उभी राहिली.

"बघा, बघा," भास्कर म्हणाला. "शहाण्या माणसाचं लक्षण आहे का हे?"

"भास्कर, गप बस," इंदुमती डोळे मिटूनच म्हणाली. "असू दे. देतील ते."

ही इंदुमती चौतीस वर्षांची, करमाळ्याकडच्या एका गावात अंगणवाडी चालवायची. तिचीही गाठ परत आलेली, पण ती वेगळ्या जातीची, हळू वाढणारी. किणीकर मॅडमना तिच्याबद्दल फार आशा होती. आदल्याच दिवशी तिला निळ्या कॅप्सूलचे दोन डोस दिले होते. गाव लांब, औषध पुन्हा मिळेल की नाही याची खात्री नाही, म्हणून दोन्ही एकदमच. पाकिटं तिच्या हातात देऊन कसं घ्यायचं ते समजावणं हे माझं काम. ती रात्री हॉस्पिटलशेजारच्या धर्मशाळेत राहिली, पहिला डोस घेतला, पहाटेपासून उलट्या सुरू झाल्या, म्हणून सकाळी तिला सलाइन लावायला आणलं होतं. या औषधाने उलट्या होतातच. त्यात नवल नव्हतं.

मी वॉर्डातून किणीकर मॅडमना फोन लावला. त्या खाली ओपीडीत होत्या.

"आकडी आहे का?"

"नाही मॅडम. डोळे नीट आहेत, बघतायत. पण ऐकतच नाहीत. सुई काढलीय."

"शकुंतलाबाई कुठे आहेत?"

"त्यांचा फोटोचा रिपोर्ट आणायला गेल्यात."

"त्या येईपर्यंत थांबता आलं तर थांब. अगदीच आवरेनात तर शांत करायचं इंजेक्शन दे. एवढे हातातले पेशंट संपवून मी वर येते."

मी थांबले नाही. खरं सांगायचं तर मला भास्करची भीती वाटत होती. तो बाह्या सरसावत होता. इंजेक्शन भरलं, कापूस घेतला आणि येमूलांपाशी गेले.

त्यांनी सिरिंज पाहिली. तिच्यात काय आहे ते त्यांना कळलं. दोनदा त्यांना आकडी आली होती तेव्हा मीच ते दिलं होतं. त्यानंतर चार-पाच तास माणूस गाढ झोपतो. मला वाटलं, आता आरडाओरडा करतील. त्यांनी तसं काही केलं नाही. पाकीट मांडीखाली सरकवलं आणि त्यावर नीट बसले. मग मोकळ्या झालेल्या डाव्या हाताने माझं मनगट धरलं. घट्ट नाही, रस्ता ओलांडताना धरतात तसं. आणि माझ्या हातातल्या सिरिंजकडे नजर टाकली, ती पुढे येत नाही हे पाहिलं, माझं मनगट सोडलं आणि माझ्या खिशातला पेन काढून घेतला.

"बॉर्डर," ते म्हणाले. या वेळी अगदी हळू.

पलंगावर त्यांच्या केसपेपरची फाइल होती. त्यातला मागचा कोरा कागद मी पुढे केला. का केला, मला आजही सांगता येत नाही. सिरिंज मी ट्रेमध्ये ठेवली.

त्यांनी चौकोन काढायला सुरुवात केली. डावा हात, सवय नसलेला, रेघा वाकड्या जात होत्या. एक चौकोन, त्याला लागून दुसरा, तिसरा. सात झाल्यावर थांबले आणि खाली दुसरी ओळ धरली. मला वाटलं, झालं, काका आता कारखान्यात पोचले. गाठ वाढली की माणसं अशी जुन्या कामात शिरतात, हे मी पाहिलेलं होतं.

"नक्षी काढायलाय," भास्कर म्हणाला. "मॅडम, तुम्ही इंजेक्शन देताय का नाही?"

"दोन मिनिटं."

तिसरी ओळ. चौथी. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. पाचव्या ओळीत एक चौकोन चुकला, दोन रेघा एकमेकींत घुसल्या. तो त्यांनी खोडला आणि बाजूला नीट काढला. सहाव्या ओळीत सात पुरे केले. मग पहिल्या ओळीतल्या पहिल्या चौकोनात चार ठिपके दिले. पेन उचलला. इंदुमतीकडे दाखवलं, आणि चार ठिपक्यांवर टेकवला.

मग दुसऱ्या चौकोनावर पेन नेला आणि मान हलवली, नाही. तिसऱ्यावर, नाही. चौथ्यावर, नाही. मला वाटलं आता थांबतील, पण ते थांबले नाहीत. प्रत्येक चौकोनावर पेन ठेवून, माझ्याकडे बघून, नाही, नाही करत शेवटच्या ओळीपर्यंत आले. सगळे रिकामे. मग त्या सगळ्याच्या खाली, वेगळा, आणखी एक चौकोन काढला. त्यात चार ठिपके दिले आणि पेन ठेवून दिला.

सात गुणिले सहा. बेचाळीस दिवस.

ते औषध सहा आठवड्यांतून एकदाच घ्यायचं असतं. एका दिवशी चार कॅप्सूल, आणि मग पुढचे एक्केचाळीस दिवस काही नाही.

"इंदुमती," मी विचारलं, "काल किती घेतल्या?"

"चार."

"आणि पुढच्या कधी घ्यायच्यात?"

"आज," ती म्हणाली. "पाच दिवस रोज झोपताना घ्यायच्या ना? दोनच दिवसांच्या दिल्यात तुम्ही. उरलेल्या कुठून घ्यायच्या, ते भास्कर विचारणार होता तुम्हाला."

"कुणी सांगितलं पाच दिवस?"

तिने डोळे उघडले. "तुमच्याच चिठ्ठीवर आहे."

चिठ्ठी टेबलावर होती. मी उचलण्याआधी येमूलांनी ती उचलली. आमच्याकडे तेव्हा छापील चिठ्ठ्या असायच्या. मेंदूच्या गाठीच्या बहुतेक पेशंटांना दुसऱ्या गोळ्या असत, त्या पाच दिवस रोज घ्यायच्या. त्या गोळ्यांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्या टेबलावर असे. निळ्या कॅप्सूलची चिठ्ठी छापलेली नव्हती, हाताने लिहावी लागे. आदल्या दिवशी गर्दी होती. मी गठ्ठ्यातली चिठ्ठी ओढली, वर औषधाचं नाव आणि चार हा आकडा लिहिला, आणि खाली सही केली. तोंडाने काय सांगितलं ते मला आठवत नाही. बहुधा तेच सांगितलं असेल, सवयीने.

येमूलांनी चिठ्ठी वाचली. सही पाहिली. माझ्या छातीवरचा नावाचा बिल्ला त्यांच्या डोळ्यांसमोरच होता. त्यांनी चिठ्ठीची घडी घातली, एका हाताने, मांडीवर दाबून, आणि ती माझ्या तळहातावर ठेवून माझी बोटं वरून मिटली. मग मांडीखालचं पाकीट काढून तेही माझ्या हाती दिलं.

भास्करला यातलं काही उमगलं नव्हतं. तो म्हणाला, "दिलं एकदाचं. आता आम्हाला द्या."

मला तेव्हा काहीही सांगता आलं असतं. डॉक्टरांनी आजचा डोस पुढे ढकललाय, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. चिठ्ठी माझ्या मुठीत होती. ज्यांना खरं माहीत होतं ते एकटे येमूल, आणि त्यांना बोलता येत नव्हतं. हा विचार माझ्या मनात आला, हे मी लपवत नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. घाम पुसून खिडकीकडे तोंड करून बसले होते, मला मोकळं सोडून.

"भास्कर," मी म्हणाले, "ही चिठ्ठी चुकीची आहे. चूक माझी आहे. हे औषध सहा आठवड्यांतून एकदाच घ्यायचं. आज रात्री घेतलं असतं तर तुमच्या बहिणीच्या जिवावर बेतलं असतं. येमूलकाकांनी म्हणून पाकीट धरून ठेवलं होतं."

त्याने मला शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. पण तो खालीच बसला, दोन पलंगांच्या मधल्या फरशीवर.

किणीकर मॅडम आल्या तेव्हा मी त्यांच्या हातात चिठ्ठी आणि तो चौकोनांचा कागद दोन्ही दिले. त्यांनी आधी चिठ्ठी वाचली, मग कागद. कागद बराच वेळ बघितला. मग मला दाराबाहेर घेऊन गेल्या.

"दोन डोस पाठोपाठ गेले असते तर काय झालं असतं, माहितीय ना तुला?"

"रक्त तयार होणं थांबलं असतं."

"लगेच नाही. ती घरी गेली असती, महिनाभर हिंडली-फिरली असती. मग एक दिवस हिरड्यांतून रक्त, ताप. हे औषध पोटात गेल्यावर परत काढता येत नाही. आणि गावात सगळ्यांना वाटलं असतं, मेंदूची गाठ होती, गेली बिचारी. आपल्यालाही तेच वाटलं असतं. कुणालाच कळलं नसतं, मंदा."

मी रडायला लागले. त्यांनी थोपटलं नाही. "तोंड धू," म्हणाल्या. "आत तो माणूस सुईशिवाय बसलाय. सलाइन परत लाव. मग लेखी लिहून दे मला, जसं झालं तसं."

मी आत गेले. भास्कर आता येमूलांच्या पलंगापाशी उभा होता.

"दादा, मी तुम्हाला चोर म्हणालो," तो म्हणाला.

येमूलांनी हात हवेत हलवला, माशी उडवल्यासारखा. "बॉर्डर," ते म्हणाले, आणि शेजारून इंदुमतीला हसू फुटलं. हसता हसता तिला पुन्हा उलटी आली. भास्करने धावत जाऊन भांडं धरलं.

तेवढ्यात शकुंतला फोटोचं मोठं पाकीट घेऊन आली. चादरीवरचे रक्ताचे डाग पाहून घाबरली. मी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पदराने नवऱ्याचा गळा पुसला.

"हे असंच करतात सिस्टर," ती म्हणाली. "कारखान्यात दुसऱ्याच्या मागावर एक धागा चुकला तरी ह्यांना लांबूनच दिसायचं. उठून जायचे, माग बंद करायचे. लोक भांडायचे ह्यांच्याशी. मग चूक दिसली की गप."

"इंदुमती आणि भास्करचं औषधाबद्दलचं बोलणं तुम्ही ऐकलं होतं का?"

"ऐकलं की. मीच विचारलं, किती दिवसांचं औषध आहे म्हणून. पाच दिवस, आज दुसरा, म्हणाला तो. माझ्या काय ध्यानात येतंय? मला वाटलं, ह्यांचं वेगळं, त्यांचं वेगळं. मी रिपोर्टला जाताना हे मला हाताला धरून ओढायले होते. मला वाटलं, रिपोर्टची भीती वाटायली असेल."

रिपोर्ट तिच्या हातात होता. किणीकर मॅडमनी तो खिडकीशी उभं राहून पाहिला. मी त्यांचा चेहरा वाचायला शिकले होते. गाठ आणखी वाढली होती. शिरेतलं औषधही लागू पडत नव्हतं.

त्यांनी स्टूल ओढलं आणि येमूलांसमोर बसल्या. त्यांच्याशी बोलताना त्या नेहमी पूर्ण वाक्यात बोलत, बायकोमार्फत नाही.

"येमूल, हे औषधही चाललेलं नाही. आणखी एखादं देऊन बघता येईल. पण त्याचा उपयोग फारसा होणार नाही, त्रास मात्र नक्की होईल. माझं मत विचाराल तर आता औषध थांबवावं. दुखणार नाही, आकडी येणार नाही, एवढं मी बघीन."

"आणि ते निळं?" शकुंतलाने विचारलं. तिची नजर टेबलावर गेली. मी ठेवलेलं इंदुमतीचं पाकीट तिथेच होतं. "आणखी एक डाव..."

येमूलांनी तिच्या हातावर हात ठेवला. तिने पुढे विचारलं नाही. मग त्यांनी मॅडमकडे बघून एकदाच मान हलवली, हो. त्या दिवशीच्या सगळ्या नाही नाहीनंतर तेवढी एक मान होकारार्थी हलली.

मी लेखी लिहून दिलं. मला ताकीद मिळाली, तीन महिने औषध वाटपाचं काम काढून घेतलं, आणि छापील चिठ्ठ्यांचा गठ्ठा मॅडमनी माझ्याच हाताने फाडायला लावला. मी राजीनामाही लिहिला होता. मॅडम म्हणाल्या, "ही चूक पुन्हा कधीच करणार नाही अशी एकच सिस्टर माझ्याकडे आहे. तिला मी सोडू का?" नंतर किती नवीन मुली आल्या, त्या प्रत्येकीला मी ही हकिगत पहिल्याच आठवड्यात सांगते, माझ्या नावासकट.

इंदुमतीचे सहा डोस पुरे झाले. चौथ्या-पाचव्या आठवड्यात तिच्या रक्तातल्या पेशी उतरायच्या, पुन्हा वर यायच्या. गाठ आकसली. त्यानंतर ती नऊ वर्षं जगली, त्यातली सात वर्षं अंगणवाडीत.

येमूल फार दिवस राहिले नाहीत. पण ते असतानाच इंदुमतीचा दुसरा डोस झाला. रक्त तपासायला ती आणि भास्कर सोलापूरला आले. रिपोर्ट चांगला आला, रात्री धर्मशाळेत तिने चार कॅप्सूल घेतल्या आणि सकाळी वॉर्डात आली. चेहरा उतरलेला, पण स्वतःच्या पायांनी.

"येमूलदादांना भेटायचंय," म्हणाली.

"ते आता घरीच असतात. झोपूनच असतात."

"मग फोन लावून द्या."

मी शकुंतलेला फोन लावला. ती म्हणाली, आता तो एक शब्दही येत नाही, डोळेही फारसे उघडत नाहीत. पण आवाज दिला की कळतं. फोन कानाला लावते म्हणाली. मी इंदुमतीच्या हातात रिसीव्हर दिला.

"दादा, मी इंदुमती," ती म्हणाली. अंगणवाडीतल्या पोरांशी बोलायची सवय, त्यामुळे आवाज स्पष्ट आणि सावकाश. "करमाळ्याची. तुमच्या शेजारच्या पलंगावरची. माझं रक्त चांगलं आलंय. काल दुसरा डोस घेतला. दिवस मी स्वतः मोजले, भास्करनेही मोजले. उलट्या झाल्या थोड्या, पण आता बरं आहे. आज आम्ही गावाकडे निघतोय. सोमवारपासून अंगणवाडीत जाणार आहे."

पलीकडून काही आलं नाही. ती तशीच थांबली, रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून. भास्कर दाराच्या चौकटीला टेकून खाली बघत होता.

मग शकुंतलेचा आवाज आला. इंदुमतीने तो ऐकला आणि रिसीव्हर माझ्याकडे दिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय नाही सिस्टर," शकुंतला म्हणाली. "काल दिवसभर कण्हत होते. आता ताईंचं ऐकता ऐकता निवांत झोपलेत. फोन ठेवते, जाग यायला नको."